मुकट्याचा धागा

भिलाईच्या नेहरू नगरात आमच्या घरी एका लोखंडी पेटीत आजोबांचा मुकटा आहे. मुकटा म्हणजे पूजेच्या वेळी सोवळ्यात नेसायचे जाडसर टसर रेशमाचे वस्त्र. पोलाद कारखान्यात नोकरी लागल्यावर आजोबा नागपूरहून इकडे आले, तेव्हा सामानात हा मुकटा होता. १९५९ साली इथली पहिली झोतभट्टी पेटली. तिची आग पाहिलेल्या पिढीतले बहुतेक सारे आता गेले. मुकटा मात्र अजून नेसता येतो. मुलाने गेल्या दिवाळीत घेतलेला शर्ट चार धुण्यांत विटला, तेव्हा या पेटीची आठवण झाली आणि कापडाच्या टिकण्याचा इतिहास शोधावासा वाटला.

टसरला छत्तीसगडमध्ये कोसा म्हणतात. ऐन, अर्जुन अशा झाडांच्या पानांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांतून तो निघतो. त्याचा मूळ रंगच मधासारखा, त्यामुळे रंगवला नाही तरी चालतो. चांपा हे त्याचे नावाजलेले गाव. तिथले देवांगन विणकर तो पिढ्यान्‌पिढ्या विणत आले. तिकडे भंडारा जिल्ह्यातले कोष्टीही टसर विणत. विदर्भाची करवती काठाची साडी याच धाग्याची. हे दोन प्रदेश आज दोन राज्यांत असले, तरी १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरला येऊन राहिले तेव्हापासून १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्याच अमलाखाली होते. पुढे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात राहिले.

या टिकाऊपणाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. मुकटा जपला जाई तो सोवळ्यासाठी, आणि सोवळे म्हणजे कोणाला तरी दूर ठेवणे. जे दूर ठेवले गेले त्यांच्या घरीही कापड टिकवले जाई, पण ते नाइलाजाने. लुगडे विरले की त्याची गोधडी, गोधडी फाटली की पोतेरे. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण दारावर येई. आज ज्याला ‘शाश्वत फॅशन’ म्हणतात, त्यातले बरेचसे तेव्हा गरिबीचे दुसरे नाव होते.

स्वस्त कापडाला जाणीवपूर्वक नकार देण्याची गोष्ट एकोणिसाव्या शतकातली. मँचेस्टरच्या गिरणीचे कापड बाजारात आले ते हातमागापेक्षा स्वस्त आणि दिसायला सफाईदार. लोकहितवादींनी देशी माल वापरण्याचा विचार १८४९ च्या सुमारास मांडला होता. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी १८७२ मध्ये खादी वापरण्याचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात ते खादी नेसूनच गेले. जरीच्या पोशाखांत बसलेला तो जाडाभरडा माणूस काय सांगत होता, हे दरबाराला कळायला वेळ लागला नसेल.

त्याच १८७७ साली नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. हा योगायोग मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुढचा पेच त्यातच आहे. १९०५ मध्ये पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. बहिष्काराचा मोठा फायदा मात्र हातमागाऐवजी मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना मिळाला. कापड स्वदेशी झाले, पण ते विणणाऱ्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर आमच्यापासून तासाभरावर असलेल्या राजनांदगावात सापडते. तिथल्या बंगाल-नागपूर कॉटन मिलच्या कामगारांनी १९२० मध्ये ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली महिनाभराहून अधिक काळ संप केला. कापड आपल्या देशात तयार झाले म्हणून कामगाराचे पोट भरत नाही, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले. ढाक्याजवळ २०१३ साली राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली, तेव्हा जगाला तीच गोष्ट नव्याने कळली.

गांधीजींनी खादीचा अर्थ बदलला तो इथे. कापड कोणत्या देशाचे, यापेक्षा ते कोणाच्या हाताला काम देते हे त्यांनी विचारले. १९३८ मध्ये त्यांच्या हस्ते वर्ध्याला मगन संग्रहालय उघडले. आज तिथे सेंद्रिय कापसाची खादी विणून घेतली जाते आणि वनस्पतींच्या रंगांनी रंगवली जाते. कापूसपट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या जिल्ह्यात हे काम चालते, म्हणून त्याला नुसती आवडनिवड म्हणता येत नाही. बियाणे, रंग, सूत आणि मजुरी या चारही गोष्टींचा हिशेब तिथे एकाच कापडात मांडला जातो.

चांप्याची गोष्ट इतकी सरळ नाही. तिथल्या कापडाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तरी पुष्कळ मागांवर ताणा परदेशी सुताचा आणि बाणा तेवढा कोशाचा असतो. विणकराला दोष देता येत नाही. एकसारखा सफाईदार धागा मागणारे गिऱ्हाईक आपणच आहोत. बायका वर्षानुवर्षे मांडीवर घासून कोशाचा धागा काढत आल्या. त्यांची मांडी सोलवटून निघे. त्या धाग्याचे खडबडीत सौंदर्य आपल्याला हवे, पण सोलवटलेल्या मांडीची किंमत द्यायची नाही. त्यांना आता यंत्रे मिळू लागली, हे चांगलेच झाले. हाताने केलेले तेवढे पवित्र, असा नियम करून चालणार नाही.

मागच्या महिन्यात बायकोबरोबर कोशाची साडी घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराला विचारले, “ताणा कुठला आणि बाणा कुठला?” तो चमकला. मग हसून म्हणाला, “असं कोणी विचारत नाही, साहेब.” पण त्याने दोन गठ्ठे बाजूला सारले आणि खालून तिसरा काढला. किंमत दीडपट होती. आम्ही थोडा वेळ एकमेकांकडे पाहिले. दोन साड्या घ्यायच्या ठरल्या होत्या, एकच घेतली.