घडी न होणारी साडी : नलिनी मलानी यांची एक व्हिडिओ मांडणी

भारताने ११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरणला अणुचाचण्या केल्या. २८ आणि ३० मे रोजी पाकिस्तानने आपल्या चाचण्या उरकल्या. मी तेव्हा अभियांत्रिकीचा विद्यार्थी होतो. वसतिगृहात पेढे वाटले गेले; मीही खाल्ले. स्फोट कसा घडवला यावर रात्रभर बोललो, तो कोणावर पडेल यावर कोणीच बोलले नाही.

मुंबईच्या चित्रकार नलिनी मलानी त्यावर बोलल्या. त्यांचा जन्म १९४६ चा, कराचीतला; फाळणीने कुटुंबाला भारतात आणले. चाचण्यांनंतर त्यांनी उभारलेली ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’ ही व्हिडिओ मांडणी १९९९ मध्ये मुंबईच्या तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात दाखवली गेली. नाव मंटो यांच्या कथेवरून घेतले आहे. त्या कथेत फाळणीनंतर दोन्ही देश वेड्यांच्या इस्पितळांतील रुग्णांची वाघा सीमेवर अदलाबदल करतात आणि बिशनसिंग मधल्या, कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर कोसळतो.

मांडणीत समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया दिसतात, एक भारतीय, एक पाकिस्तानी. दोघी मिळून एका साडीची घडी घालू पाहतात. हे काम आपण घरी पाहिलेले असते : दोघींनी दोन-दोन टोके धरायची, ताणायची आणि चालत एकमेकींजवळ यायचे. इथे मध्ये अख्खी खोली आहे. जमिनीवर बारा पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येकीत एक मॉनिटर, त्यावर विस्थापितांची दृश्ये. अणुस्फोटाची जुनी चित्रफीतही येते. प्रेक्षक उभा राहतो तो नेमका बिशनसिंगच्या जागी, आणि एकीकडे पाहायचे तर दुसरीकडे पाठ होते. कॅनव्हासवर हे साधले नसते, असे मला वाटते.

याने युद्ध अर्थातच टळले नाही. १९९९ च्या मे महिन्यातच कारगिलची लढाई सुरू झाली.

याच्या जोडीला मी अमर कंवर यांचा ‘अ सीझन आउटसाइड’ (१९९७) दाखवतो. त्यात वाघ्याचीच सीमा आहे, पण तिथे दिग्दर्शक स्वतःच्या आवाजात हिंसेबद्दलच्या आपल्या शंका मांडत जातो.

चंदीगडच्या वर्गात ट्रंकांचा अर्थ सांगावा लागत नाही. लाहोर पाकिस्तानात गेले, पंजाबला नवी राजधानी हवी झाली, म्हणून तर हे शहर वसले. घरात पणजोबांची ट्रंक असेल, तर पुढच्या तासाला येताना तिच्या झाकणावर कोणत्या गावाचे नाव आहे ते वाचून या.