कॉम्प्युटरमधल्या फायली अचानक लॉक झाल्या तर? रॅन्समवेअरपासून असा करा बचाव

डेअरीचा हिशोब, बचतगटाचं दप्तर, सातबाऱ्याचे स्कॅन, पीकविम्याच्या पावत्या, लग्नाचे फोटो. आता हे सगळं कॉम्प्युटरवर असतं. एक दिवस मशीन चालू केलं तर एकही फाईल उघडत नाही आणि स्क्रीनवर 'पैसे भरा, तरच फायली मिळतील' अशी धमकी येते. यालाच रॅन्समवेअर म्हणतात. रॅन्सम म्हणजे खंडणी. फायली जागेवरच असतात, पण मजकूर असा बदललेला असतो की किल्लीशिवाय वाचता येत नाही. ती किल्ली हल्लेखोराकडे असते.

धोका किती जवळ?
मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने दीडशेच्या आसपास देशांतले कॉम्प्युटर लॉक केले. त्यापासून वाचवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नाही, ते सापडले. त्याच वर्षी जूनमध्ये 'नॉटपेट्या'मुळे उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. जुलै २०२४ मध्ये बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या एका कंपनीवर हल्ला झाला. त्यामुळे देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे यूपीआय व्यवहार काही काळ थांबले. त्यात सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या.

शिरतो कुठून?
- ईमेलवर आलेली 'बिल', 'नोटीस' अशी बनावट फाईल उघडल्याने.
- फुकटात मिळालेल्या क्रॅक सॉफ्टवेअरमधून.
- अपडेट बंद झालेल्या विंडोजमधून. विंडोज ७ चं अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबलं, तर विंडोज १० चं नेहमीचं अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये.

खरा उपाय : वेगळी ठेवलेली कॉपी
अँटिव्हायरस आणि अपडेट हवंच, पण तेवढ्यावर भागत नाही. बियाणं जसं खाण्याच्या धान्यात मिसळून ठेवत नाही, तशी फायलींची एक कॉपी कॉम्प्युटरपासून वेगळी ठेवा. दर आठवड्याला हार्डडिस्कवर कॉपी घ्या आणि लगेच डिस्क काढून कपाटात ठेवा. बरेच जण इथेच चुकतात. डिस्क लावलेलीच राहिली तर तीही लॉक होते. दुसरी कॉपी दुसऱ्या जागी ठेवा. कॉपीतल्या दोन-चार फायली अधूनमधून उघडून बघा.

हल्ला झालाच तर
१. लगेच वायफाय बंद करा, नेटची वायर काढा.
२. मशीनला पेनड्राइव्ह किंवा बॅकअपची डिस्क लावू नका.
३. धमकीच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा.
४. पैसे भरू नका. भरूनही फायली मिळतील याची खात्री नसते. 'नॉटपेट्या'मध्ये तर परत मिळण्याची सोयच नव्हती.
५. राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर किंवा १९३० या नंबरवर तक्रार करा.
६. फॉरमॅट मारायची घाई नको. काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या 'नो मोअर रॅन्सम' या वेबसाइटवर मोफत मिळतात. लॉक झालेल्या फायली जपून ठेवल्या असतील, तरच त्या किल्लीचा उपयोग होतो.