ममीच्या कारखान्यातली मडकी काय सांगतात?

इजिप्तच्या ममी आपण सगळ्यांनी चित्रांत तरी पाहिल्या आहेत. पण देह टिकवायला नेमकं काय वापरत, हे आपल्याला कशावरून कळलं?

बराच काळ आधार होता तो लिखाणाचा. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इ.स.पू. पाचव्या शतकात सांगतो, की देह ७० दिवस नॅट्रॉन या क्षारात ठेवत आणि पोटात हिराबोळ व इतर सुगंधी द्रव्यं भरत. खुद्द इजिप्तच्या लेखांत 'अंतियू', 'सेफेत' अशी नावं येतात. अभ्यासकांनी 'अंतियू'चा अर्थ हिराबोळ किंवा धूप असा लावला, आणि तोच रूढ झाला.

मग २०१६ मध्ये कैरोजवळच्या सक्कारा इथं रमदान हुसेन यांच्या पथकाला जमिनीखाली ममी बनवण्याचा एक कारखानाच सापडला. काळ २६व्या राजघराण्याचा, म्हणजे इ.स.पू. ६६४ ते ५२५. तिथल्या मडक्यांवर आत काय आहे ते लिहिलेलं होतं. काहींवर तर सूचनाही होत्या: हे डोक्याला लावायचं, यानं वास चांगला करायचा.

भाजलेली माती तेलकट पदार्थ शोषून घेते, म्हणून अडीच हजार वर्षांनंतरही त्यांचा अंश मडक्यात उरतो. शास्त्रज्ञांनी ३१ भांड्यांमधले असे अंश द्रावकात उतरवले. ते तापवून वायुरूपात एका बारीक नळीतून सोडले, की त्यातले घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. मग यंत्र प्रत्येक रेणूचे तुकडे करून त्यांचं वजन मोजतं. त्यावरून मूळ पदार्थ ओळखता येतो.

२०२३ मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष आले. 'अंतियू' लिहिलेल्या भांड्यांत निघालं ते देवदाराच्या कुळातलं तेल, जुनिपर किंवा सायप्रसचं तेल आणि प्राण्यांची चरबी, असं मिश्रण! आपलं उटणं आठवा. नाव एक, आत जिन्नस अनेक. निदान या कारखान्यात तरी 'अंतियू' हे एका झाडाच्या डिंकाचं नाव नव्हतं, ती एक कृती होती. डोक्याच्या लेपांत एरंडेल आणि पिस्त्याच्या जातीतल्या झाडाचा डिंक सापडला. इतरत्र मेण होतं, डांबर होतं. यातले कित्येक पदार्थ जंतू आणि बुरशी रोखतात. कुठे काय लावायचं हे त्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट. यातला बराच माल इजिप्तचा नाहीच. डांबर मृत समुद्राकडचं, देवदारी तेल भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडचं. एक डिंक तर डामर, म्हणजे राळेसारखा. तो देणारी झाडं दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या जंगलांत वाढतात. आपल्या साल वृक्षाचं कूळही तेच. पण एवढ्यावरून 'राळ भारतातूनच गेली' असं म्हणू नका. रसायनशास्त्र झाडाचं कूळ सांगतं, जंगलाचं नाव सांगत नाही.

हिरोडोटस खोटं बोलला, असाही याचा अर्थ नाही. नॅट्रॉन खरंच वापरत. पण शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहणं वेगळं आणि मडक्यात पाहणं वेगळं. इथं दोन्ही एकाच भांड्यावर मिळाले, म्हणून जुना अर्थ तपासता आला. पुढच्या वेळी कुणी प्राचीन ग्रंथातल्या एखाद्या द्रव्याचं नाव ठामपणे सांगितलं, तर एवढंच विचारा: मडकं तपासलंय का?