धोकादायक कुत्रे अधिनियम, १९९१

धोकादायक कुत्रे पाळण्यावर निर्बंध घालणारा ब्रिटिश कायदा. माणसांवरील गंभीर हल्ल्यांनंतर गृहमंत्री केनेथ बेकर यांच्या कारकिर्दीत तो संमत झाला. पिट बुल टेरिअर, जपानी तोसा, दोगो अर्जेंतिनो व फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर त्याने बंदी घातली. कुत्र्याचा प्रकार वंशावळीवरून नव्हे, तर शारीरिक ठेवणीवरून ठरवला जातो. कोणत्याही जातीचा कुत्रा धोकादायकरीत्या अनावर झाल्यास मालक दोषी ठरतो. २०१४ पासून ही तरतूद खासगी जागेलाही लागू आहे. १९९७ च्या दुरुस्तीने बंदी असलेल्या प्रकारातील निरुपद्रवी कुत्र्यास सशर्त जीवदान देण्याची मुभा न्यायालयांना मिळाली. निर्बीजीकरण, मायक्रोचिप, विमा, तसेच सार्वजनिक ठिकाणी मुसके व साखळी या प्रमुख अटी होत. १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये सूट-प्रमाणपत्राविना एक्सएल बुली प्रकारचा कुत्रा बाळगणेही गुन्हा आहे.

बलदंड जातींचा चावा जीवघेणा ठरतो, असे बंदीचे समर्थक म्हणतात. तर स्वभाव जातीपेक्षा संगोपनावर अधिक अवलंबून असल्याने जबाबदारी मालकावर टाकावी, असा आरएसपीसीएसारख्या प्राणीकल्याण संस्थांचा आग्रह आहे. भारतातही केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये कुत्र्यांच्या २३ जातींविरुद्ध काढलेले परिपत्रक कर्नाटक व दिल्ली उच्च न्यायालयांनी रद्द केले.