घोड्यांची ट्राम आणि लातूरची छोटी गाडी

लातूर वा नांदेड येथे ट्राम कधीच धावली नाही. तरीही आपल्या भागातील ज्या घरांतून कोणी चाकरीसाठी मुंबईस गेले, तेथील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ती हटकून डोकावते. ‘आमच्या आजोबांनी घोड्यांची ट्राम पाहिली’ असे अभिमानाने सांगणारेही भेटतात. कुटुंबाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने अशा वाक्यापाशी थोडे थांबावे.

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. तिच्यासाठी सुमारे नऊशे घोडे पोसले जात. ७ मे १९०७ रोजी माथ्यावरच्या तारेतून वीज घेणारी ट्राम रस्त्यावर आली आणि घोड्यांची सद्दी संपली.

आता लातूरकडे पाहू. कॅलथ्रॉप ह्या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत धावू लागली. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट! निजामाच्या राज्यातील लातूरला ती पोहोचली १९११ साली. तेव्हा ‘लातूरहून छोट्या गाडीने निघालो, कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत बसलो’ असे सांगणाऱ्या आजोबांना मुंबईत विजेचीच ट्राम भेटली असणार. घोडे पाहिलेला लातूरकर त्यापूर्वीच, निदान वाटेचा काही भाग बैलगाडीने कापून, गेलेला असला पाहिजे. नांदेडकरांची गोष्ट निराळी. मनमाडकडे जाणारी मीटरगेज गाडी त्यांना विसाव्या शतकाच्या आरंभीच मिळाली होती. त्यांच्या आजोबांचे घोडे खरे असू शकतात.

दुमजली ट्राम १९२० मध्ये आली. ‘वरच्या मजल्यावर बसलो’ ही आठवण म्हणूनच त्यानंतरची. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत जन्मवर्ष सापडते, पण गाव केव्हा सुटले हे तेथे सापडेलच असे नाही. ते अशा बारीकसारीक तपशिलांतून काढावे लागते. साल विचारले तर म्हातारी माणसे गोंधळतात; गाडी कुठे बदलली, हे मात्र ती अचूक सांगतात.

शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज सत्तरी ओलांडून गेले आहे. लातूरची छोटी गाडीही २००८ पर्यंत रुंद रुळांना जागा देऊन गेली. दादरच्या त्या चौकाला मात्र लोक अद्याप टी. टी. म्हणतात, ही अक्षरे ट्राम टर्मिनसची, हे नातवंडांना सांगावे लागते.