परग्रहावरील स्वारीची कुळकथा

‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा जुना नेमबाजीचा खेळ आज घरबसल्या संगणकाच्या पडद्यावर, इंटरनेटवरून, कोणालाहि खेळतां येतो. तळाशीं एक तोफ, वर अकरा-अकरांच्या पांच रांगांत उभे असलेले ५५ विचित्र प्राणी, आणि मध्यें आडोशाला चार बुरूज. प्राणी आडवे सरकत सरकत एकेक पायरी खालीं उतरतात. पसारा एवढाच; परंतु त्यामागील हकीकत मोठी मनोरंजक आहे.

जपानांतील टाइटो कंपनीनें हा खेळ १९७८ सालीं बाजारांत आणला. त्याचे कर्ते टोमोहिरो निशिकाडो यांनीं १९७५ मध्यें ‘वेस्टर्न गन’ नांवाचा खेळ नुसत्या विद्युन्मंडलांच्या जुळणीनें रचला होता. त्याची अमेरिकन आवृत्ति काढतांना मिडवे कंपनीनें तींत इंटेल ८०८० हा मायक्रोप्रोसेसर बसविला. खेळ म्हणून निशिकाडोंना आपलाच अधिक रुचला, पण चित्रांची सफाई पाहून ते या नव्या साधनाकडे वळले. त्यावर काम करण्याचीं अवजारें आयतीं मिळेनात, तेव्हां तींहि त्यांनीं स्वतः घडविलीं.

शत्रु कोण असावा, हा प्रश्न सहज सुटला नाहीं. प्रथम रणगाडे व विमानें योजून पाहिलीं; तीं मनासारखीं हलेनात. माणसांच्या आकृति चांगल्या हलत. परंतु माणसांवर गोळ्या झाडण्याचा खेळ नीतीला धरून नाहीं असें ठरलें, आणि एका उत्तम सोयीवर पाणी सोडावें लागलें. मग एच्. जी. वेल्स यांच्या कादंबरींतील मंगळवासी मदतीस आले, व माकूल, खेंकडा, अष्टपाद यांच्या रूपांनीं हें सैन्य उभें राहिलें.

खेळाचा खरा प्राण मात्र एका उणिवेंत आहे. पडद्यावरील चित्र सेकंदास सुमारें साठ वेळां नवें होई, आणि दर वेळीं एकच प्राणी पुढें सरके. त्यामुळें ५५ जणांचें एक पाऊल पुरें होण्यास जवळजवळ एक सेकंद लागे. प्राणी मरूं लागले कीं फेरी आंखूड होई. शेवटचा उरलेला तर पिसाळल्यासारखा धांवे. निशिकाडोंनीं ही गोष्ट हेरली आणि ती दुरुस्त न करतां तशीच राहूं दिली. चार खर्ज स्वरांचा ठेकाहि त्याबरोबर जलद होत जातो. एक फौज संपली कीं दुसरी हजर. खेळणाराला विजय असा कधींच नाहीं, फक्त गुणांचा उच्चांक तेवढा मिळवावयाचा.

या वेडापायीं जपानांत शंभर येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला, अशी कथा आवडीनें सांगितली जाते. ती खरी मानण्यास आधार नाहीं. १९७८ व १९७९ या दोन्ही सालीं टांकसाळीनें हीं नाणीं १९७७ पेक्षां कमीच पाडलीं.

इंटरनेटवर याचे दोन प्रकार आढळतात. एकांत जुन्या यंत्राचें हुबेहूब सोंग वठवून मूळची आठ किलोबाइटची आज्ञावलीच चालविली जाते. दुसऱ्यांत सारा खेळ नव्यानें लिहिलेला असतो. आजचा संगणक ५५ प्राणी एका क्षणांत, तेंहि न थकतां, हलवूं शकतो. म्हणून नव्यानें लिहिणाराला आरंभींचा तो रेंगाळणारा वेग मुद्दाम घालावा लागतो. ज्यांना हें मर्म ठाऊक नसतें त्यांचे प्राणी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच चालीनें चालतात, आणि खेळणारा दोन डावांत कंटाळून उठतो.