गोवारी शहीद स्मारक : एक स्मरण, एक चिंतन

कार्तिक अमावास्येला भगवान महावीरांचे निर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी वीर निर्वाण संवताचा आरंभ होतो आणि जैन व्यापारी नव्या वहीवर शुभाक्षरे लिहितो. विदर्भातील खेड्यापाड्यांत याच दिवसांत आणखी एक सोहळा चालू असतो. गावाची गुरे राखणारे गोवारी बांधव गायी सजवितात, गायगोधन साजरे करतात, ढालीचे पूजन करतात आणि ढोलाच्या तालावर नाचत घरोघरी, दुकानोदुकानी बोजारा मागावयास येतात. एका समाजाचे नवे वर्ष आणि दुसऱ्या समाजाचा सण असे वर्षानुवर्षे एकाच पायरीवर भेटत आले आहेत.

सकाळी गावची जनावरे रानात न्यावीत, ऊन, पाऊस आणि हिंस्र श्वापदे यांपासून ती जपावीत आणि दिवेलागणीला प्रत्येक गाय तिच्या धन्याच्या दारी पोहोचवावी, हे गोवाऱ्यांचे परंपरेचे काम. जैन समाजाने जीवदयेपोटी पांजरपोळ उभारले, भाकड व जखमी जनावरांना आश्रय दिला. या पुण्यकार्याचा अभिमान रास्तच आहे. परंतु पांजरपोळास देणगी देणाऱ्याचे नाव फलकावर कोरले जाते, आणि जनावरामागे जन्मभर अनवाणी चालणाऱ्याचे नाव सहसा कोठेच नसते. या समाजाची नोंद इतिहासाने घेतली ती एका भीषण दिवशी.

तो दिवस होता बुधवार, २३ नोव्हेंबर १९९४. नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते. अनुसूचित जमातींच्या यादीतील ‘गोंड गोवारी’ या नोंदीचा लाभ गोवारी समाजास मिळावा आणि त्याआड येणारा २४ एप्रिल १९८५ चा शासननिर्णय रद्द व्हावा, ही त्यांची मागणी होती. विदर्भातील गावोगावचे हजारो गोवारी मोर्चाने आले. त्यांत स्त्रिया होत्या, म्हातारी माणसे होती, आईच्या कडेवरची लेकरे होती. मोर्चा विधानभवनाच्या अलीकडे अडविण्यात आला. निवेदन स्वीकारण्यास कोणी जबाबदार मंत्री येईल, या आशेवर लोक दिवसभर बसून राहिले. पण कोणीही आले नाही. सायंकाळी गोंधळ उडाला, पोलिसांनी लाठ्या चालविल्या. मागे गर्दी, समोर अडथळे आणि पळावयास वाट नाही, अशा अवस्थेत माणसे माणसांखाली तुडविली गेली. ११४ जणांचे प्राण गेले, शेकडो जखमी झाले. मृतांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती.

राज्याचे मुख्यमंत्री त्या वेळी श्री. शरद पवार होते. आदिवासी विकास मंत्री श्री. मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग नेमला गेला. १९९५ साली गोवारी समाजाचा विशेष मागास प्रवर्गात समावेश झाला. पुढे १४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला; मात्र १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. कायद्याचा अन्वयार्थ लावणे न्यायालयाचे काम आहे. पण ज्या कुटुंबाने त्या मागणीसाठी आपले माणूस गमावले, त्याच्या घरी हे दोन्ही निकाल कसे ऐकले गेले असतील, याची कल्पना कोणाही सहृदय माणसास करता येईल.

नागपूरच्या झिरो माइल परिसरात आज गोवारी शहीद स्मारक उभे आहे. जवळच्या उड्डाणपुलालाही ‘आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल’ असे नाव आहे. दरवर्षी २३ नोव्हेंबरला गावोगावचे गोवारी तेथे येतात, फुले वाहतात, डोळे पुसतात आणि एकमेकांची विचारपूस करून परततात. विखुरलेल्या, गरीब, अल्पशिक्षित समाजाला या एका जागेने एकत्र बांधून ठेवले आहे.

अशी स्मारके आपल्या भूमीस नवी नाहीत. महाराष्ट्रात व कर्नाटकात जागोजागी वीरगळ आढळतात. गावच्या गायी पळविणाऱ्यांशी लढताना पडलेल्या वीरांचे वीरगळ त्यांत पुष्कळ आहेत आणि त्यांवर गायीही कोरलेल्या दिसतात. जैन परंपरेत सल्लेखना घेऊन देह ठेवणाऱ्यांच्या स्मरणार्थ निषिधी उभारल्या गेल्या. श्रवणबेळगोळ येथे त्या आजही पाहावयास मिळतात. वीरगळाचा वीर लढून गेला, निषिधीचा साधक स्वेच्छेने व शांतपणे गेला. गोवारी स्मारकातील ११४ जणांनी ना शस्त्र उचलले होते, ना मरण निवडले होते. ते केवळ आपले म्हणणे ऐकविण्यास आले होते.

नरखेड तालुक्यालाही सामुदायिक मरणाचे दुःख अपरिचित नाही. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने मोवाड उद्ध्वस्त केले व दोनशेहून अधिक माणसे गेली. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि अमरावती जिल्ह्यातील बेनोडा या गावांनी १९४२ च्या आंदोलनातील हुतात्म्यांची आठवण आपल्या नावापुढे ‘शहीद’ हा शब्द लावून जपली आहे. पुराचे दुःख निसर्गाच्या माथी मारता येते. स्वातंत्र्यलढ्यातील बलिदानाला परकी सत्ता कारण होती, असे म्हणता येते. १९९४ साली मात्र राज्य आपले होते, पोलीस आपले होते आणि मरणारेही आपलेच होते.

मग ती हिंसा होती की केवळ अपघात? जैन तत्त्वज्ञानाने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. प्रमादाने, म्हणजे बेसावधपणाने वा बेपर्वाईने प्राण हरण होणे यालाच तत्त्वार्थसूत्रकार हिंसा म्हणतात. मारण्याचा हेतू नव्हता, एवढ्याने कोणी निर्दोष ठरत नाही. तान्ही मुले घेऊन आलेल्या लोकांना दिवसभर ताटकळत ठेवणे, त्यांच्याशी दोन शब्द बोलण्यास न जाणे, हाही प्रमादच. पाणी गाळून पिणाऱ्या आणि पायाखालची मुंगी जपणाऱ्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. ही कसोटी शासनाला जशी लागू, तशीच ती पेढीवर बसून, दाराशी आलेल्या गरिबाला ‘उद्या ये’ म्हणणाऱ्यालाही लागू आहे.

पर्युषणानंतर जैन बांधव सर्व जीवांची क्षमा मागतात. ती क्षमायाचना बहुधा आप्तेष्टांपुरती आणि छापील पत्रांपुरती उरते. सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी न्यासाच्या बांधवांनी हा परीघ थोडा वाढवावा. २३ नोव्हेंबरला नागपुरात असल्यास स्मारकाशी घटकाभर थांबावे, एक फूल वाहावे. गावातील गुराख्याच्या मुलाची शाळेची फी, त्याच्या घरचे आजारपण यांची विचारपूस करावी. जीवांनी परस्परांना साह्य करावे हे सूत्र मंदिराच्या भिंतीवर शोभतेच. ते गोवाऱ्याच्या अंगणात पोहोचले तर अधिक शोभेल.

दिवाळीच्या पाडव्याला पुन्हा ढोल वाजेल आणि ढाल घेऊन मंडळी दुकानाच्या पायरीशी येतील. तेव्हा बोजारा हाती देताना त्यांचे नाव विचारावे, त्यांना बसण्यास सांगावे आणि ते काय म्हणतात ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.

॥ जय जिनेंद्र ॥